दही लागेना, शेगडी पेटेना, गाठी जाईनात

खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर माझ्या मावशीचं घर आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका संध्याकाळी तिचा फोन आला. मी बेळगावात मराठी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे घरात कुणाला ताप आला तरी आधी मला विचारायची तिची सवय. त्या दिवशी प्रश्न गोठ्यातला होता.

"गाईच्या गाठी जाव्यात म्हणून इंजेक्शन दिलं. गाठी हायत तिथंच हायत. उलट माझं दही लागायचं बंद झालं, आणि आता गोबर गॅसपण गेला. मारायचं ते मेलं नाही आणि नको ते मेलं. हे कसलं औषध रे?"

पुढचा महिनाभर मी याच एका वाक्याभोवती फिरत होतो. आपण सगळ्याला मिळून 'जंतू' म्हणतो. मावशीच्या तक्रारीत मात्र तीन निरनिराळ्या जातीचे जीव होते, आणि एकाचा दुसऱ्याशी गाय आणि गवत यांच्याइतकाही सोयरसंबंध नव्हता. ते प्रकरण जसं उलगडत गेलं तसं लिहून ठेवतो आहे. माझी पहिली समजूत चुकली, तीही लिहितो.

गोठा आणि त्या पंधरा दिवसांचा हिशोब

गोठ्यात एक जर्सी संकरित गाय, दोन म्हशी आणि एक बैलजोडी. मागे दोन घनमीटरचा दीनबंधू गोबर गॅस. एवढ्या संयंत्राला रोज साधारण पन्नास किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. पाच जनावरांत ते आरामात भागायचं. सकाळचा चहा, भाकरी, दुपारची आमटी, सगळं त्या गॅसवर.

दिवाळी होऊन आठवडा झाला आणि गाईला ताप भरला. दोन दिवसांत मानेवर, पाठीवर, कासेवर लिंबाएवढ्या गाठी उठल्या. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कन्नडमधून 'चर्मगंटू रोग' असा कागद लागला होता. त्यालाच आपण लंपी म्हणतो, हे काकांना कळायला वेळ लागला नाही. त्या वर्षी राजस्थान, गुजरातपासून महाराष्ट्र-कर्नाटकापर्यंत लंपीनं कहर केला होता. जनावरांचे बाजार बंद होते. काकांनी गाईला लगेच शेतातल्या खोपीत नेऊन बांधलं. माशी-गोचीड एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाऊ नये म्हणून बैल आपल्याच मळ्यातल्या दुसऱ्या टोकाला नेले. घरी उरल्या दोन म्हशी.

पशुवैद्यांनी तापाचं औषध आणि एक अँटिबायोटिक दिलं. तीन-चार दिवसांनी गाईची कास सुजली, एका सडातून गाठाळ दूध यायला लागलं. स्तनदाह. मग त्या सडात पेनिसिलिनच्या जातीच्या औषधाच्या ट्यूबा भरल्या. 'औषध चालू असेतो आणि पाकिटावर लिहिलेत तितके दिवस पुढंही दूध वापरायचं नाही,' हे त्यांनी काकांना बजावून सांगितलं. काकांनी ते मावशीला सांगितलं दोन दिवसांनी.

त्याच आठवड्यात देवळातल्या पारायणाची सांगता झाली. महाप्रसाद उरला. हे वाक्य मला फोनवर कुणीच सांगितलं नव्हतं. ते मला तिथं जाऊन, तिसऱ्या चहाला कळलं.

दही

यातली दह्याची गाठ सर्वांत आधी सुटली, आणि ती मावशीनंच सोडवली होती. तिला फक्त तसं माहीत नव्हतं.

त्या दोन दिवसांत तिनं गाईचं दूध नेहमीसारखं तापवून, कोमट करून विरजण लावलं. सकाळी दूध तसंच. विरजण बिघडलं असेल म्हणून तिनं शेजारून नवं आणलं. त्याचं अर्धं गाईच्या दुधाला लावलं, अर्धं म्हशीच्या. म्हशीचं दही चाकूनं कापावं असं लागलं. गाईचं दूध दुसऱ्या दिवशीही पातळ. प्रयोगशाळेत याहून चोख तुलना करता येत नाही: विरजण तेच, चूल तीच, रात्र तीच, बदललं फक्त दूध.

दही लावणारे जीव जिवाणू असतात. लॅक्टोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, लॅक्टोबॅसिलस अशी त्यांची नावं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन ते लॅक्टिक आम्ल बनवतात. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. आम्ल वाढत हा पीएच ४.६ च्या आसपास आला की दुधातलं केसीन हे प्रथिन गोठतं. तेच आपलं दही.

जिवाणूची पेशी साधी असते. आत केंद्रक नाही, डीएनएचं एक वेटोळं, प्रथिनं बनवणारी रायबोसोम, भोवती पातळ पटल, आणि त्याबाहेर एक भिंत. ही भिंत पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाची. साखर आणि अमिनो आम्लांच्या धाग्यांनी विणलेलं जाळंच ते. पेशी वाढताना ही जाळी सतत उसवावी आणि पुन्हा विणावी लागते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये बुरशीत जे पेनिसिलिन दिसलं, ते नेमकं या विणकामात अडथळा आणतं. उसवणं चालू राहतं, विणणं थांबतं, आणि पेशी फुटते. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून आपण पेनिसिलिन घेऊ शकतो. दह्यातला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस तर पेनिसिलिनला इतका नाजूक आहे की अगदी थोडा अंश उरलेल्या दुधातही त्याची वाढ खुंटते.

दूध उकळल्यावर औषध जात नाही का, असं मावशीनं विचारलं. जात नाही. उकळीनं जिवाणू मरतात, पण पेनिसिलिनचा बराचसा भाग तसाच उरतो. हे मी दोनदा सांगितलं, कारण आमच्या भागात 'तापवलं की झालं' हे गृहीत धरलेलं असतं. अशा एका घरचं दूध डेअरीच्या कॅनमध्ये गेलं तर ते इतरांच्या दुधात मिसळून लहान पोरांच्या पेल्यापर्यंत जातं. कुणाला त्या औषधाची ॲलर्जी असते. शिवाय थोड्या थोड्या औषधात जगायला शिकलेले जिवाणू पुढं खऱ्या आजारात औषधाला दाद देत नाहीत. दूध बाजूला काढा असं सांगणारा पशुवैद्य आपलं नुकसान करत नसतो.

एक शंका मला आली होती. जिवाणूंनाही विषाणू लागतात. फेलिक्स द'हेरेल यांनी १९१७ मध्ये त्यांना बॅक्टेरियोफाज म्हटलं, म्हणजे जिवाणूभक्षक. दह्याच्या आणि चीजच्या कारखान्यांत हे फाज शिरले की विरजण एका रात्रीत निकामी होतं. पण तसं असतं तर त्या विरजणानं म्हशीचं दूधही लागलं नसतं. मावशीच्या दोन पातेल्यांनी ती शक्यता आधीच खोडली होती.

गाठी

आता लंपी. इथं समजावणं सोपं, पटवणं अवघड, कारण समोर आजारी जनावर असतं.

लंपीचा विषाणू देवीच्या कुळातला, पॉक्सव्हायरस. विषाणूंमध्ये हे कूळ चांगलंच आडदांड आहे. लांबी एका मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाइतकी, आणि आत सुमारे दीड लाख अक्षरांचा दुपदरी डीएनए. तरीही तो पेशी नाही. त्याला रायबोसोम नाही, तो खात नाही, श्वसन करत नाही, भिंत विणत नाही. चावऱ्या माशीच्या सोंडेवर असतो तेव्हा तो फक्त एक बांधलेलं गाठोडं असतो. गाईच्या पेशीत शिरला की तिथली रायबोसोम, तिथली ऊर्जा, तिथला कच्चा माल वापरून तो आपल्या प्रती काढतो.

मग पेनिसिलिन त्याचं काय बिघडवणार? ज्याची भिंतच नाही त्याचं विणकाम थांबवायचं कसं? दुसरी अँटिबायोटिकं जिवाणूच्या रायबोसोमवर बसतात. विषाणू वापरतो ती रायबोसोम गाईची, आणि गाईची रायबोसोम वेगळ्या घडणीची. औषधाला पकडायला जागाच नाही.

"मग दिलं कशाला?" काकांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज चढला होता. इंजेक्शनचे पैसे त्यांनी उसने आणले होते. त्यांना मी गाईजवळ नेलं. मागच्या पायावरच्या दोन गाठी फुटून जखमा झाल्या होत्या, कास सुजलेली होती. गाठ विषाणूची, पण फुटलेल्या गाठीत शिरतात ते जिवाणू. अंगावर उठलेल्या विषाणूला तोंड द्यायचं काम गाईची स्वतःची प्रतिकारशक्ती करते. अँटिबायोटिक मागच्या दारानं येणाऱ्या चोरासाठी असतं. पुढच्या दाराचं रक्षण लसीनं, तेही आजार येण्याआधी. आपल्याकडे त्यासाठी शेळ्यांच्या देवीची लस निरोगी गाई-बैलांना टोचत होते, कारण दोन्ही विषाणू एकमेकांचे इतके जवळचे की एकाशी झालेली ओळख दुसऱ्याला अडवते. बैलांना ती आधीच टोचून घेतली होती. त्यांना काही झालं नाही.

बेळगावकरांना ही गोष्ट परकी वाटू नये. टिळकवाडीतल्या ज्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली आपण सकाळी फिरायला जातो, तिथं इंग्रजी अमदानीत देवीची लस तयार व्हायची, तीही वासरांच्या कातडीवर वाढवून. त्या लसीतला विषाणूही याच पॉक्स कुळातला. माणसाची देवी त्या लसीनं जगातून गेली, १९८० मध्ये तशी घोषणाच झाली. व्हॅक्सिन हा शब्दही लॅटिनमधल्या गाईच्या नावावरून आला आहे. वर्गात मी हे दरवर्षी सांगतो. त्या दिवशी आजारी गाईच्या पाठीवर हात ठेवून सांगताना मला ते पहिल्यांदा नीट कळल्यासारखं वाटलं.

गॅस

इथं मी चुकलो. फोनवरच मी मावशीला सांगून मोकळा झालो होतो: औषध शेणातून टाकीत गेलं, टाकीतले जिवाणू मेले, गॅस बंद. ऐकायला बरोबर वाटतं. जनावरांना भरपूर अँटिबायोटिक दिलं आणि ते शेणातून उतरलं तर गॅस कमी होऊ शकतो, हेही खरं. पण इथं तसं घडलं नव्हतं.

पहिला धक्का काकांनी दिला. "गाईचं शेण कुठं पडतंय टाकीत? ती तर खोपीवर हाय." पंधरा दिवसांत त्या गाईच्या शेणाचा एक पो टाकीत गेला नव्हता.

दुसरी गोष्ट मी स्वतः पाहिली. दीनबंधूत घुमट पक्का असतो. गॅस साठला की तो आतली स्लरी, म्हणजे शेण-पाण्याचा काला, ढकलून बाहेरच्या हौदात वर चढवतो. हौद काठोकाठ भरलेला होता. म्हणजे आत गॅस होता. शेगडीचा कॉक उघडला तर सू सू आवाज येत होता, पण काडी लावली की ज्योत भुरभुर करून विझत होती. आणि हौदाला नेहमीचा शेणाचा वास नव्हता, आंबूस, नाकात झोंबणारा वास होता.

गॅस येतो पण पेटत नाही. सगळं प्रकरण या पाच शब्दांत होतं. औषधानं टाकीतले जिवाणू मेले असते तर गॅसच आला नसता.

टाकीत काम दोन हातांनी चालतं. पहिला हात जिवाणूंचा. शेणातला चोथा, पिष्ट, प्रथिनं ते फोडतात, आंबवतात, आणि त्यातून ॲसिटिक आम्लासारखी आम्लं, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड बनतो. दुसरा हात हे सगळं उचलून त्यातून मिथेन काढतो. जळतो तो मिथेन. चांगल्या चाललेल्या गोबर गॅसमध्ये तो साधारण ५५ ते ६५ टक्के असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. हा दुसरा हात जिवाणूंचा नाही. तो आर्कियांचा.

आर्किया सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूसारखेच दिसतात. तितकेच छोटे, आत केंद्रक नाही. म्हणून कित्येक वर्षं त्यांना जिवाणूच समजत आले, आणि मिथेन बनवणाऱ्या एकाच्या नावात, मिथॅनोबॅक्टेरियम, ती चूक अजून गोठून राहिली आहे. १९७७ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधल्या आरएनएची अक्षरं निरनिराळ्या जीवांत ताडून पाहिली. मिथेन बनवणारे हे जीव जिवाणूंच्या रांगेत बसेनात. ते आपल्या रांगेतही बसेनात. ती सजीवांची तिसरी शाखा निघाली. म्हणजे जीवसृष्टीची मांडणी ज्यांच्यामुळे बदलली, त्यांचेच भाऊबंद मावशीच्या परसात भाकरीसाठी गॅस करत होते. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

त्यांचं वेगळेपण नुसतं अक्षरांत नाही. त्यांच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकन नसतं. पटलातली स्निग्ध द्रव्यं वेगळ्या रासायनिक बंधानं जोडलेली असतात, जिवाणूत आणि आपल्यात एस्टर, त्यांच्यात ईथर. डीएनए वाचायची त्यांची यंत्रणा जिवाणूंपेक्षा आपल्या यंत्रणेशी जास्त मिळते. म्हणून सडात भरलेलं पेनिसिलिन टाकीत गेलं तरी आर्किया त्यानं मरत नाहीत; जी भिंत ते अडवतं ती त्यांच्यात नाहीच. आणि माणसाला किंवा जनावराला ठामपणे रोग लावणारा एकही आर्किया आजवर सापडलेला नाही. 'जंतू' म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांना हे मी आवर्जून सांगतो.

मग आर्किया थांबले कशानं? तिसऱ्या चहाला मावशी सहज बोलून गेली. काकांनी दूध वापरू नको म्हटल्यावर ती ते रोज शेण कालवायच्या कुंडीत ओतत होती. "लक्ष्मी हाय ती, उकिरड्यावर कशी टाकू?" आणि सप्ताहाचा उरलेला भात, आमटी आणि पातेलंभर हुग्गीसुद्धा दोन दिवस तिथंच गेली. बारा-चौदा घमेली. भावना समजण्यासारखी आहे, गव्हाची गूळ घातलेली हुग्गी टाकवत नाही. पण टाकीला त्याच पंधरवड्यात शेण निम्म्याहून कमी मिळत होतं, आणि रात्री गारठा पडायला लागला होता.

शेण म्हणजे गाईच्या पोटातून एकदा आंबून आलेला माल. तो टाकीत सावकाश फुटतो. भात, गूळ आणि दूध म्हणजे तयार साखर-पिष्ट. जिवाणू त्यावर तुटून पडले. आम्ल करणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात. मिथेनवाल्या आर्कियांना दुप्पट व्हायला दिवस लागतात. एक हात भरभर ताटं वाढत गेला, दुसऱ्याला उचलणं झेपेना. आम्ल साचलं. आर्कियांना पीएच साताच्या आसपास हवा. साडेसहाच्या खाली ते मंदावतात. मंदावले की आम्ल आणखी साचतं. शेवटी घुमटात उरतो बहुतांश कार्बन डायऑक्साइड, आणि तो आग विझवतो.

पीएचच्या पट्ट्या मी शाळेच्या प्रयोगशाळेतून नेल्या होत्या. हौदातल्या स्लरीत पट्टी साडेपाच आणि सहाच्या मध्ये थांबली. शेजाऱ्याच्या चालू गोबर गॅसवर तीच पट्टी सातच्या थोडी वर गेली. दुधातून गेलेल्या औषधाचा वाटा अगदी शून्य होता असं मी म्हणत नाही. पण हजारो लिटर स्लरीत रोजचं चार-पाच लिटर दूध, आणि आम्ल करणारे जिवाणू तर जोमात. दोष त्या औषधाकडे जात नव्हता.

काय केलं

आधी टाकीत काहीही घालणं बंद केलं. साठलेला गॅस दुपारी वाऱ्यात सोडून दिला, आसपास विडीसुद्धा पेटवू न देता. चुन्याची निवळी रोज थोडी थोडी, ढवळून, पट्टी बघत घातली. इथं घाई करणाऱ्यांना सांगतो, चुना एकदम ओतू नका. तो घुमटातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, आतला दाब एकदम घसरतो, आणि पीएच वर उडाला तर आर्कियांना तोही सोसत नाही.

खरा उपाय दुसराच होता. शेजाऱ्याच्या गोठ्यात आजार नव्हता आणि त्यांची टाकी झक्क चालत होती. तिच्या हौदातून दोन बॅरल स्लरी ट्रॅक्टरनं आणून आमच्या टाकीत ओतली. त्यात आर्किया जिवंत, भरपूर आणि कामाला लागलेले. मावशीला हे मी समजावायला घेतलं तर तिनंच मला थांबवलं. "म्हणजे विरजण की." मग म्हशींचं शेण, सुरुवातीला दोन पाट्या, पुढं वाढवत.

पहिले आठ दिवस काहीच नाही. मावशी रोज सकाळी काडी ओढायची आणि चुलीकडे वळायची. नवव्या दिवशी निळसर ज्योत क्षणभर टिकली. तिसऱ्या आठवड्यात भाकरी फुगली. पट्टी तेव्हा सहा पूर्णांक आठला होती.

गाय जानेवारीत सावरली. खपल्या पडून कातडीवर वाटोळे डाग राहिले, आणि स्तनदाह झालेला सड कायमचा गेला. दूध पूर्वीसारखं आलं नाही. औषध संपून ठरलेले दिवस भरल्यावर मावशीनं तिच्या दुधाला पहिल्यांदा विरजण लावलं ते दोन वाट्यांत, एक गाईची, एक म्हशीची, शेजारी शेजारी ठेवून. दोन्ही लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात वाडीतल्या एका घरची टाकी लग्नाच्या उरल्या भातानं अशीच बसली. त्यांचा पोरगा दोन कॅन घेऊन मावशीच्या दारात आला. "काकू, गॅसचं विरजण द्या की वो." मावशीनं त्याला आधी विचारलं, "गॅस येतोय का? येतोय पण पेटत नाही, असंच हाय नव्हं?"